माझ्या हातची रॅकेट, जावेच्या हातची रॅकेट

जाऊ आणि मी जोडीनं पॅडेल खेळतो. आमच्या रॅकेटी अदलाबदल करून दिल्या तर पंधरा मिनिटांत दोघींचाही खेळ कोलमडेल. तिची रॅकेट थेंबाच्या आकाराची, कार्बनची, थोडी वजनदार. माझी गोल, फायबरग्लासची, हलकी आणि दुकानातल्या पोराच्या भाषेत ‘बिगिनर वाली’. या ‘बिगिनर वाली’पर्यंत मी कशी पोचले आणि आता ती सोडायला का तयार नाही, ते लिहायचं आहे. इंदुरात आमच्या ओळखीतले बरेच जण सध्या पॅडेलच्या नादाला लागलेत, आणि रॅकेट घेताना बहुतेक जण आधी रंग बघतात, मग किंमत, आणि शेवटी दुकानातच हवेत दोनदा फिरवून ‘छान आहे’ म्हणतात. हवेत फिरवून सगळ्याच छान वाटतात.

मी मूळची टेबल टेनिसवाली. इंदूरच्या अभय प्रशाल स्टेडियममध्ये खेळायला जायचे तेव्हा चेंडू ३८ मिलिमीटरचा होता आणि गेम २१ गुणांचा. माझा खेळ ब्लॉकचा. टेबलाला चिकटून उभं राहायचं, समोरच्याचाच वेग वापरून चेंडू परत करायचा, मोठा स्विंग म्हणून घ्यायचा नाही. जाऊ बॅडमिंटनची. तिच्या हाताला ८५-९० ग्रॅमच्या रॅकेटची सवय, आणि शटल उंच आलं की खांदा आपोआप मागं जायचा. हे एवढं सांगते, कारण पुढं रॅकेट निवडताना बाकी कशापेक्षाही या जुन्या सवयींचाच विचार जास्त करावा लागला.

ज्यांनी पॅडेल पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद कोर्ट, मागं काच, बाजूला थोडी काच आणि थोडी जाळी. दोघं इकडे, दोघं तिकडे. सर्व्हिस खालून, बॉलचा एक टप्पा पाडून, कमरेच्या वर न मारता. गुण टेनिसचेच. टप्पा पडून काचेवर आदळून आलेला बॉलही खेळता येतो, आणि सगळी गंमत तिथंच आहे. १९६९ मध्ये मेक्सिकोतल्या अकापुल्कोला एन्रिके कॉर्कुएरा यांनी घराच्या आवारात भिंतींचं कोर्ट बांधलं, तिथून हा खेळ सुरू झाला आणि वाढला तो स्पेन-अर्जेंटिनात. रॅकेटला तारा नसतात. भोकं पाडलेली भरीव फळीच ती. नियमानं लांबी जास्तीत जास्त ४५.५ सेंटिमीटर, रुंदी २६ सेंटिमीटर, जाडी ३८ मिलिमीटर, आणि मनगटात अडकवायची दोरी सक्तीची. म्हणजे कंपन्यांना उड्या मारायला मोकळं रान नाहीच. सगळा फरक आकारात, वजन कुठं आहे त्यात, आतल्या फोममध्ये आणि वरच्या पापुद्र्यात.

बायपासकडच्या कोर्टवर आम्हाला शिकवणारा मुलगा पक्का इंदुरी. आम्ही मोबाइलवर रॅकेटींचे फोटो दाखवायला लागलो तर त्यानं हात वर करून थांबवलं. “मैडम, रैकेट बाद में. पहले ये बताओ, कौन सी साइड खेलोगे?”

तेव्हा हा प्रश्न बिनमहत्त्वाचा वाटला होता, पण निम्मी निवड त्यातच होते. दोघीही उजव्या हाताच्या असल्या की डावीकडे उभी असते तिच्याकडे मधल्या बॉलला फोरहँड असतो, आणि उंच आलेले बॉलही जास्त करून तिच्याच वाट्याला येतात. म्हणून मारणारी डावीकडे. उजवीकडचीनं बॉल खेळात ठेवायचा, लॉब, म्हणजे डोक्यावरून उंच बॉल, टाकून समोरच्यांना काचेपाशी ढकलायचं, आणि पॉइंट जुळवून जोडीदारणीच्या पुढ्यात ठेवायचा. जावेनं माझ्याकडे न बघताच सांगितलं, “मी डावीकडे.” घरात थोरली मी असले तरी कोर्टवरचं थोरलेपण तेव्हापासून तिच्याकडे गेलंय.

यानंतरची कल्पना पुतण्याची. त्यानं फोन काचेमागं उभा करून आमचा अख्खा एक तास चित्रित केला आणि रात्री हॉलमधल्या टीव्हीवर लावला. मी जुनी वही काढली, चार रकाने पाडले: काचेवरून आलेले बॉल, लॉब, नेटवरच्या व्हॉली (टप्पा पडायच्या आत घेतलेले बॉल) आणि डोक्यावरचे फटके. प्रत्येक फटक्याला एक रेघ. सासूबाई शेजारी वाती वळत बसल्या होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “दोघी नुसत्या मागं मागंच पळताय की गं.”

वहीतही तेच निघालं. माझे निम्म्याहून जास्त फटके मागच्या काचेपाशी खेळलेले, त्यातले बरेचसे लॉब. नेटवर मी होते तेवढा वेळ बरी होते, पण तिथं असायचेच कमी. जावेच्या डोक्यावरच्या रकान्यात रेघा भरपूर, पण त्यातले ताकद लावून मारलेले स्मॅश मोजकेच. उरलेले सगळे बांदेहा, म्हणजे उंच बॉल जोरात न झोडता कापून खोल टाकायचा, म्हणजे आपली नेटजवळची जागा सुटत नाही. जावेला ते काही फारसं रुचलं नाही. “ताई, तुम्ही स्मॅश मोजायला विसरताय,” म्हणत तिनं व्हिडिओ दोनदा मागं घ्यायला लावला. रेघा तेवढ्याच राहिल्या.

माझं मत तेव्हाच बनलं आणि ते अजून बदललेलं नाही. रॅकेट घ्यायची ती आपण सर्वात जास्त खेळतो त्या फटक्यासाठी. सर्वात आवडतो तो फटका वेगळा असतो, आणि दुकानात हात शिवशिवतात ते त्याच फटक्यासाठी.

आता आकार. गोल रॅकेटमध्ये वजन मुठीकडे असतं, आणि बॉल नीट बसायची जागा मधोमध आणि मोठी असते. डायमंडमध्ये रुंद भाग वर, वजनही वर, बॉल बसायची जागा वर सरकलेली आणि लहान. थेंबाचा आकार या दोन्हींच्या मधला. क्लबवर भाड्यानं मिळतात त्या सगळ्या गोल, कडा खरवडलेल्या, मुठीवर कुणाकुणाचा घाम मुरलेला. त्यांच्यावरून काही ठरवणं शक्य नव्हतं, त्यामुळे खेळायला येणाऱ्यांकडून मागून घेतल्या. इंदूरचा माणूस याबाबतीत दिलदार. “भिया, ज़रा देना” म्हटलं की वीस-पंचवीस हजारांची रॅकेट बिनदिक्कत हातात ठेवतो, वर खेळ संपल्यावर पोहे खायला चला म्हणून मागंही लागतो.

मागून आणलेल्या रॅकेटी आम्ही मुद्दाम तासाच्या शेवटी शेवटी वापरल्या. ताज्या हातानं कुठलीही रॅकेट चालते. पाऊण तास झाल्यावर, पाय जड झाल्यावर आणि खांदा खाली यायला लागल्यावर जी साथ देते ती खरी. ही शिकवण टेबल टेनिसची. तिथंही नवी बॅट सरावाच्या सुरुवातीला देवासारखी वाटायची आणि पाचव्या गेमला पाय ओढायची.

मी नेटवर उभी असताना समोरून एका कॉलेजच्या पोरानं सरळ अंगावर ड्राइव्ह मारला. हातात डायमंड होती. मी माझ्या सवयीनं छातीपुढं नुसता ब्लॉक धरला. बॉल लागला तो फळीच्या मध्यापेक्षा थोडा खाली. रॅकेट मुठीत वळली, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या खोबणीत झणझणलं, आणि बॉल जाळीच्या पायाशी पडला. थोड्या वेळानं तसाच बॉल गोल रॅकेटवर आला. हात तेवढाच उशिरा पोचला, बॉलही मध्यावर काही लागला नाही, पण पलीकडे गेला. सर्व्हिसच्या रेषेच्या आसपास कुठंतरी, अगदी सामान्य, पण पॉइंट चालू राहिला. माझ्यासारख्या ब्लॉकवालीला आणखी काय हवं?

जावेची गोष्ट वेगळी झाली. डायमंड हातात आल्यावर पहिल्या काही मिनिटांत तिचे डोळे चमकले. बॉल बसायचा तो आवाजच निराळा, कोरडा आणि मोठा. शेजारच्या कोर्टवरचे वळून बघायला लागले. पण स्मॅश मारून पॉइंट मिळतोय का, तर नाही. पॅडेलमध्ये स्मॅश नुसता जोरात असून भागत नाही. टप्पा पडल्यावर बॉल तीन मीटर उंचीच्या बाजूच्या भिंतीवरून बाहेर तरी जायला हवा, नाहीतर मागच्या काचेवरून उसळून परत आपल्या अंगणात तरी यायला हवा. तिचा यातलं काहीच न होता काचेवरून उसळून कोर्टाच्या मधोमध, समोरच्याच्या कमरेच्या उंचीला आरामात येऊन थांबायचा, आणि समोरचे वाटच बघत असायचे. कोचनं बाहेरून ओरडून सांगितलं, “दीदी, ये आपने उनके लिए मारा है!” म्हणजे जास्तीची ताकद मिळाली ती समोरच्यांच्या उपयोगाची. तासाच्या शेवटी तर रॅकेटचं डोकं तिच्या मागंच राहायला लागलं. जो बॉल डोक्याच्या पुढं घ्यायचा तो कानामागून घेतला जायचा, आणि बांदेहा जाळीत.

क्लबच्या भिंतीवरच्या पोस्टरमुळेही थोडा घोळ होतो. नामांकित पॅडेलपटू हुआन लेब्रोनच्या हातात बाबोला कंपनीची डायमंड आकाराची वायपर बघितली की पोरांना वाटतं, आक्रमक खेळायचं म्हणजे हीच. पण जगातल्या अव्वल खेळाडूंतला आगुस्तिन तापिया डावीकडून खेळतो, आक्रमक खेळतो, आणि नॉक्स कंपनीनं त्याच्या नावानं काढलेली एटी१० जीनियस ही थेंबाच्या आकाराची आहे. जावेला हे दाखवल्यावर ती जरा नरमली. माझं ऐकून नरमली नव्हती, हे नोंदवून ठेवते.

वजनाचा हिशोब स्वयंपाकघरात झाला. रॅकेटवर वजन छापतात ते पट्ट्यात, ३६० ते ३७५ ग्रॅम असं. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन रॅकेटींत दहा-बारा ग्रॅमचा फरक सहज निघतो. मागून आणलेल्या दोन-तीन रॅकेटी एकदा घरी होत्या, तेव्हा मी सासूबाईंचा डिजिटल काटा ओट्यावर काढला. “त्या काट्यावर मी भाजणीचं मोजते, पुसून ठेव नंतर,” एवढंच त्या म्हणाल्या. गोल ३५८ ग्रॅम, डायमंड ३६६. आठ ग्रॅमचा फरक म्हणजे काहीच नाही. मग हातात एवढी जड का लागते? उत्तर लाटण्यानं दिलं. ओट्यावर लाटणं आडवं ठेवलं, त्यावर रॅकेट आडवी टाकून पुढं-मागं सरकवली, तोल साधला तिथं पेनानं बारीक खूण केली आणि शिवणाच्या टेपनं मुठीच्या टोकापासून अंतर मोजलं. गोल रॅकेटचा तोल साडेपंचवीस सेंटिमीटरवर, डायमंडचा सत्तावीसच्या जरा अलीकडे. सव्वा सेंटिमीटरभर पुढं, एवढंच. पण वजन हातापासून जितकं लांब जाईल, तितका फिरवायला लागणारा जोर अंतराच्या वर्गाच्या हिशोबानं वाढतो, हे अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात सुटलं तरी मनगट विसरत नाही. रॅकेट घेताना लोक ग्रॅमवर घासाघीस करतात आणि तोल कुठं आहे ते विचारतच नाहीत. मला तर तोल आधी आणि ग्रॅम नंतर, असंच वाटतं.

याचा फायदा पुढं जावेला झाला. तिला आवडलेली थेंबाची रॅकेट डोक्याकडे किंचित जड होती. मुठीवर आणखी एक ओव्हरग्रिप, म्हणजे मुठीवर गुंडाळायची पट्टी, चढवली. पाच-सहा ग्रॅम मुठीकडे वाढले आणि तोल थोडा खाली आला. मूठही जाड झाली. तसंही पॅडेलच्या मुठी बारीकच येतात आणि हाताला पुरतील इतक्या ओव्हरग्रिप गुंडाळूनच त्या आपल्याशा करायच्या असतात. मूठ आवळल्यावर बोटांची टोकं तळव्यात रुतायला नकोत, मध्ये बोटभर फट राहायला हवी. फार बारीक मूठ असली की आवळून धरावी लागते आणि मग कोपर बोलायला लागतं. आमच्या क्लबवर कोपराला पट्टा बांधून खेळणारे काका लोक कमी नाहीत. त्यांच्या रॅकेटी बघितल्या तर बहुतेक कडक कार्बन, आत कडक फोम, आणि बॉल कडेला लागतोय. हादरा जाणार कुठं?

आता माझ्या आवडीचा भाग, आतला फोम. टेबल टेनिसच्या बॅटला रबराखाली स्पंज असतो आणि त्याची जाडी-कडकपणा यावर आम्ही तासन् तास वाद घालायचो. मॅचच्या आधी रबर काढून पुन्हा ग्लू लावायचा, त्याचा वास अजून नाकात आहे. २००८ मध्ये त्या तऱ्हेच्या ग्लूवर बंदी आली. तर स्पंजचा नियम इथंही लागू पडतो: मऊ असेल तर हळू मारलेला बॉलही लांब जातो, कारण फोम दबतो आणि बॉलला ढकलतो. कडक असेल तर तो तुमच्याकडूनच जोर मागतो. जोर दिला की जास्त देतो, आणि नाही दिला तर काहीच देत नाही. पॅडेलच्या बहुतेक रॅकेटींत इव्हीए फोम असतो, मऊ, मध्यम किंवा कडक. लोकांचा समज उलटा असतो. मऊ म्हणजे ताकद कमी असं वाटतं, पण ज्याचा स्विंगच छोटा आहे त्याला मऊ फोमच लांब पोचवतो.

ओळखायचं कसं? दुकानात अंगठा दाबून काही कळत नाही. रॅकेटवर बॉल टपटपवला तर मऊ फोमचा आवाज धप्प असा दबका येतो आणि कडक फोमचा टक् असा. त्यानं अंदाज येतो. पण माझी कसोटी वेगळी होती. मागच्या काचेवर आदळून आलेला बॉल, अर्धाच स्विंग, आणि लॉब. तो पलीकडे कुठं पडतो ते बघायचं. कडक फोमच्या रॅकेटनं माझा लॉब सर्व्हिसच्या रेषेपाशी, म्हणजे समोरच्यांच्या तोंडात आयता घास. मऊ फोमच्या रॅकेटनं तोच अर्धा स्विंग त्यांच्या मागच्या काचेपाशी. वहीतल्या रेघा आठवल्या आणि प्रश्न मिटला. तोटा झाला तर तो व्हॉलीत. मऊ फोमवरून नेटवरची व्हॉली हवी त्यापेक्षा लांब जायची आणि काचेवरून उसळून यायची. तिथं मी हात आणखी आखडता घेतला. टेबल टेनिसमधला ड्रॉप-शॉटचा ब्लॉक, ज्यात बॉल लागताना बॅट किंचित मागं घेतात, तो इथं कामाला आला. दोन्ही गोष्टी एका रॅकेटमध्ये मिळत नाहीत, आणि मला निवडायचं होतं ते मागच्या काचेपाशी.

एक मोठा फरक मात्र टेबल टेनिसवाल्यांनी लक्षात ठेवावा. बॅटचं रबर उतरवून दुसरं चिकटवता येतं, स्पंज बदलता येतो. पॅडेलच्या रॅकेटमधलं काही म्हणजे काही बदलता येत नाही. पदरी पडलं पवित्र झालं. म्हणून घेण्याआधीची मागामाग करताना संकोच करू नये.

वरच्या पापुद्र्याबद्दल थोडं. फायबरग्लास लवचिक, म्हणून हळू हातालाही बॉल सोडते. कार्बन ताठ, म्हणून जिथं मारलं तिथं जातो, पण हात चुकला तर तेही प्रामाणिकपणे दाखवतो. मग कार्बनवर ३के, १२के, १८के असे आकडे असतात. दुकानातल्या पोरानं मला १८के दाखवत सांगितलं, “मैडम, ये टॉप है, इससे ऊपर कुछ नहीं.” सराफ्यात १८ कॅरेट म्हटलं तर आपण नाक मुरडतो आणि इथं त्याचाच मान! खरं तर तो आकडा एका धाग्यात किती हजार तंतू आहेत तेवढंच सांगतो. रॅकेट किती कडक लागेल ते पापुद्र्याचे थर किती, राळ कुठली आणि आतला फोम कसा, यावर जास्त ठरतं. आकडा वाढतो तशी किंमत मात्र नक्की वाढते.

खरखरीत पृष्ठभागाचंही तसंच. सँडपेपरसारखा फिनिश असतो, बॉलला कट बसावा म्हणून. टेबल टेनिसवाल्याला याचा मोह होणारच, मलाही झाला. पण चिकट रबरावर जो फिरकीचा खेळ करायची सवय आहे, त्याच्या पासंगालाही हे पुरत नाही, आणि काही महिन्यांत ती खरखर घासून जाते. कट बसतो तो मनगटानं आणि बॉलच्या खालून नीट घेतला तर. त्यासाठी वेगळे पैसे मोजायची गरज मला वाटली नाही.

शेवटी खरेदी. डेकॅथलॉनमध्ये त्यांच्याच क्युइक्मा ब्रँडच्या रॅकेटी हातात घेऊन बघता येतात, एक-दोन खेळाच्या दुकानांत बाकीच्या कंपन्यांच्या. किमतींना वर काही अंतच नाही. माझी गोल, फायबरग्लास, मऊ फोम, ओव्हरग्रिपसकट ३६० ग्रॅम, आदल्या वर्षीच्या मॉडेलमधली उरलेली. नव्या वर्षाच्या रॅकेटी आल्या की जुन्यांची किंमत पडते, आणि बऱ्याचदा साचा तोच राहून रंग तेवढा बदललेला असतो. जावेची थेंबाची, कार्बन, मध्यम फोम, दुसरी ओव्हरग्रिप धरून ३७१ ग्रॅम. माझ्या रॅकेटचा रंग फिकट गुलाबी आहे. मला अजिबात आवडत नाही, पण खेळताना कुठं दिसतो?

इंदूरच्या हवेचं एक सांगायला हवं. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना रॅकेट गाडीच्या डिकीत राहिली तर फोम मऊ पडतो, आणि रात्री खेळायला काढली तर हातात भलतीच रॅकेट आल्यासारखं वाटतं. माझी मी घरातच ठेवते, कपाटात, भिंतीच्या गार बाजूला. माळव्यातल्या रात्री उन्हाळ्यातही सुखाच्या असतात हे खरं, पण दुपारी बंद गाडीत त्याचा काय उपयोग? डिसेंबर-जानेवारीत उलट. उघड्या कोर्टवर रात्री दहा अंशांच्या आसपास फोम कडक होतो, बॉलही उसळत नाही. जावेची मध्यम फोमची रॅकेट त्या दिवसांत कडकच वागते आणि माझी मऊ रॅकेट मध्यम. थंडीत नेटवरच्या माझ्या व्हॉली जास्त चांगल्या पडतात, त्याचं श्रेय मी स्वतःला घेते, कोच हवेला देतो. आणखी एक गमतीचं: नियमांत ५०० मीटरपेक्षा जास्त उंचीवरच्या गावांना किंचित कमी उसळीचा बॉल वापरायची मुभा आहे, आणि इंदूर साधारण ५५० मीटरवर आहे. आमच्या क्लबवर मात्र मिळेल तो बॉल, आणि बऱ्याचदा तो हवा गेलेलाच असतो. रॅकेटची पारख करायच्या दिवशी तरी नवीन डबा उघडावा, एवढं सांगेन. मेलेल्या बॉलवर प्रत्येक रॅकेट कडक वाटते.

आता पुतण्याचं घोडं अडलंय. त्याला डायमंडच हवीय, आणि माझ्या मते त्यानं घ्यावीही. सतरा वर्षांचा खांदा आहे, डावीकडे खेळतो, स्विंग लांब घेतो, आणि त्याचा स्मॅश खरोखरच बाजूच्या भिंतीवरून बाहेर जातो. त्याची वही लिहिली तर डोक्यावरच्या रकान्यात खऱ्याच रेघा भरतील. फक्त नवी घेण्याआधी जुनी घे म्हटलं, कारण या वयात काठावर आपटून रॅकेट फुटायची शक्यताच जास्त. जुनी बघताना काय बघायचं तेही त्याला दाखवलं. मुठीच्या वर जिथं फळी दोन फाट्यांत विभागते तिथं बारीक तडा आहे का ते नखानं चाचपायचं. कडेनं बोटाच्या पेरानं टकटक करत गोल फिरायचं, आवाज एकसारखा यायला हवा. एखाद्या जागी बद्द आला तर आतला फोम सुटलाय समजायचं. आणि कानापाशी धरून हलवायची, आत काही खुळखुळलं तर हात जोडून परत द्यायची.

“काकू, आईला सांग ना,” म्हणून तो माझ्या मागं लागलाय. मी सांगितलं. त्याची परीक्षा मार्चमध्ये संपते, तोवर क्लबचीच रॅकेट वापरायची, असं त्याच्या आईनं ठरवलं आहे.